ड्रोंगो, गलाह, वीझल: इंग्रजीतल्या प्राण्यांच्या शिव्या किती मनावर घ्यायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाचा मेलबर्नला बांधकामाच्या साईटवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलाय, त्याने ड्रॉइंगची जुनी कॉपी प्रिंट करून आणली तर फोरमन सगळ्यांसमोर 'यू ड्रोंगो' म्हणाला. घरी येऊन डिक्शनरी उघडली तर त्यात निघाला एक काळा पक्षी. आता पोराच्या डोक्यात किडा शिरलाय की हा आपल्या रंगावरून टोमणा होता का, एचआरकडे जायचं की सोडून द्यायचं. शिवाय असे शब्द अजून कोणते आहेत आणि आपण उलट काही बोललेलं चालतं का.

मी बरीच वर्षं इंग्रजी सिरियल्स आणि सिनेमांचं मराठी डबिंग आणि सबटायटलिंग करते, त्यामुळे शिव्यांचं वजन करणं हे माझं रोजचं काम आहे. उत्तर लांब होणार, आधीच सांगते.

तर पहिलं म्हणजे भाच्याला सांगा की निवांत झोप. ड्रोंगोचा रंगाशी काहीही संबंध नाही, आणि गंमत म्हणजे पक्ष्याशीही जवळपास नाही, संबंध आहे एका घोड्याशी. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ड्रोंगो नावाचा रेसचा घोडा होता (घोड्याला नाव पक्ष्यावरून दिलेलं, तेवढाच काय तो पक्ष्याचा हात). हा ३७ शर्यती पळाला आणि एकही जिंकला नाही. अगदीच टाकाऊ होता असंही नाही, डर्बीत दुसरा आलाय, बाकी ठिकाणी दुसरा-तिसरा येत राहिला, म्हणजे प्रत्येक वेळी लोकांनी पैसे लावायचे आणि प्रत्येक वेळी याने थोडक्यात घालवायचं. मेलबर्नच्या एका पेपरातल्या कार्टूनिस्टने मग हे नाव कायमच्या हुकलेल्या माणसासाठी वापरायला सुरुवात केली, पुढे १९४० च्या दशकात एअर फोर्समध्ये नव्या, कच्च्या रिक्रूटला ड्रोंगो म्हणायला लागले आणि तिथून तो सगळ्या देशाचा झाला. आज त्याचा अर्थ 'बावळट', 'मंद', फार तर 'येडपट'. नव्या पोराने जुनं ड्रॉइंग आणलं आणि फोरमन ड्रोंगो म्हणाला, यात शब्द अगदी त्याच्या हक्काच्या जागी पडलाय.

आणि पक्ष्याचं म्हणाल तर ड्रोंगो म्हणजे आपला कोतवाल. शेतात तारेवर किंवा म्हशीच्या पाठीवर बसलेला काळा कुळकुळीत, शेपटी माशासारखी दुभंगलेली. आकाराने बुलबुलापेक्षा थोडा मोठा असेल, पण घरट्याच्या आसपास कावळा किंवा घार फिरकली की हा वरून झडप घालून तिला पार हद्दीबाहेर पिटाळतो. त्याच्या आडोशाने बाकीचे गरीब पक्षी त्याच झाडावर घरटी बांधतात, म्हणून तर आपल्या लोकांनी नाव कोतवाल ठेवलं. तेव्हा पक्ष्याच्या हिशोबाने बघितलं तर फोरमनने प्रमोशनच दिलंय म्हणायचं, पण हे फोरमनला सांगायला जाऊ नये.

ऑस्ट्रेलियातच दुसरा कानावर पडेल तो 'गलाह', बहुतेक वेळा 'फ्लेमिंग गलाह' असा जोडीने. हा गुलाबी छातीचा, राखाडी पंखांचा काकाकुवा, नाव तिथल्या न्यू साऊथ वेल्सच्या आदिवासी भाषेतून आलंय. थव्याने येतात, कलकलाट करतात, तारांना उलटे लटकून झोके घेतात, पावसात तर चक्क नाचतात, आणि माणसाने असं काही केलं की तो गलाह. हाही सौम्य. बाप मुलाला म्हणतो, बायको नवऱ्याला म्हणते.

आता सगळ्या शब्दांकडे येते. लोक मला नेहमी यादी मागतात, हा शब्द सौम्य, हा मध्यम, हा जहाल. तशी यादी करता येते पण कामाची नाही, कारण वजन प्राण्यात नसतंच, ते असतं कोण कोणाला म्हणतंय त्यात आणि आधी कुठलं विशेषण लावलंय त्यात. 'सिली', 'ओल्ड', 'चीकी' लागलं की धार बोथट होते, 'सिली गूज' हे तर पोराला कुशीत घेऊन म्हणतात. तोच प्राणी 'फॅट', 'लेझी', 'डर्टी' च्या मागे आला की चाकू बाहेर निघाला समजा. 'सिली काऊ' आणि 'लेझी फॅट काऊ' यात गाय तीच आहे, पण पहिल्यात इंग्लंडमधल्या दोन मैत्रिणी हसतील आणि दुसऱ्यात नोकरी जाऊ शकते. सिली काऊसुद्धा बाईने बाईला म्हटलं तर, ऑफिसात पुरुषाने म्हटलं तर तिथेही गडबड आहे.

एक ढोबळ गोष्ट मात्र माझ्या अनुभवात टिकून आहे, ती म्हणजे गोठ्यातले आणि अंगणातले प्राणी जास्त लागतात, रानातले पक्षी कमी. एडमंड लीच नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६४ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की कुत्रीची औलाद किंवा डुक्कर म्हटलं तर माणूस चवताळतो, पण कांगारूची औलाद किंवा पोलर बेअर म्हटलं तर कोणाला काहीच वाटत नाही, असं का? घराच्या जवळ, पण घरचा नाही अशा प्राण्यावर शिवी बसते असा साधारण त्यांचा रोख. त्यांच्या सगळ्या थिअरीशी मी सहमत नाही (उंदीर, साप यांना जरा ओढूनताणून बसवावं लागतं), पण सबटायटल करताना हा आडाखा उपयोगी पडतो.

पक्ष्यांचे शब्द भराभर सांगते. 'बूबी' हा समुद्रपक्षी, स्पॅनिशमध्ये बोबो म्हणजे मूर्ख, जहाजावर येऊन बिनधास्त बसायचे आणि खलाशी हाताने पकडून खायचे म्हणून हे नाव. इथे आधी मूर्ख शब्द होता आणि पक्ष्याला तो नंतर चिकटला, म्हणजे शिवी उलट्या दिशेने गेली. डोडोचंही तसंच काहीतरी आहे. मॉरिशसचा हा न उडणारा पक्षी, खात्रीने दिसल्याची शेवटची नोंद साधारण १६६२ ची धरतात, आणि आज मूर्ख किंवा कालबाह्य माणूस म्हणजे डोडो. 'टर्की' अमेरिकेत मूर्खाला म्हणतात, पण माझ्या धंद्यात टर्की म्हणजे आपटलेला सिनेमा किंवा नाटक. 'ओल्ड कूट' म्हणजे खडूस, विक्षिप्त म्हातारा. कूट हा पाणपक्षी उजनीला हिवाळ्यात शेकड्याने दिसतो, अंगाने काळा आणि कपाळावर पांढराशुभ्र ठिपका. इंग्रजांना त्यात टक्कल दिसलं, टकल्या माणसाला ते कूटसारखा टकला म्हणतात, आणि आपल्या लोकांना त्याच ठिपक्यात गंध दिसलं म्हणून आपल्याकडे त्याचं नाव वारकरी. मला हे फार आवडतं, पण मुद्दा तो नाही, पुढे जाऊ.

आता बायकांवरच्या शिव्या, कारण यातच सगळ्यात जास्त विष आहे. 'बिच' सगळ्यांना माहीत आहे. बाईला उद्देशून तो मध्ययुगापासून वापरात आहे, आणि १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीचा कोश काढला त्यात स्वच्छ लिहिलंय की इंग्रज बाईला देता येईल असं हे सगळ्यात अपमानकारक नाव आहे, वेश्या म्हणण्यापेक्षाही जास्त झोंबणारं. आज मैत्रिणी एकमेकींना लाडाने म्हणतात, गाण्यात तर सर्रास येतो, म्हणून आपल्या पोरांना वाटतं की आता हा शब्द पातळ झाला. नाही झाला. त्यांच्या आपसात चालतो, तुमच्या तोंडून चालणार नाही. आणि तरीही इंग्लंडमधल्या डॉग शोमध्ये जा, तिथे सूटबूट घातलेला परीक्षक माईकवर 'बेस्ट बिच' जाहीर करतो आणि कोणाची भुवई हलत नाही, कारण श्वानवाल्यांत मादीला अधिकृत शब्दच तो आहे.

डबिंगमध्ये हा प्रकार कसा छळतो त्याचा एक नमुना देते. बाई दुसरीवर ओरडते 'यू काऊ!', कॅमेरा एकदम चेहऱ्यावर. दोनच अक्षरं, आणि शेवटी ओठांचा चंबू. मराठीत गाय घालता येत नाही, कारण आपल्याकडे गरीब गाय म्हणजे उलट बिचारी, सोसणारी बाई, बघणाऱ्याला वाटेल ही तिची कीव करतेय. म्हैस घातली तर शिवी होते पण ती अंगावर जाते, लठ्ठ आणि ढिम्म, आणि पडद्यावरची नटी असते काडी. 'सटवी' अर्थाला बरोबर बसते पण शेवटी ओठ फाकतात, चंबू होत नाही. मग 'गं तू!' वर आणून सगळा राग आवाजात ठेवायचा, प्राणी गाळायचा. माझ्या कामात निम्म्या वेळा प्राणी गाळूनच शिवी वाचते.

'श्रू' तर स्वतंत्र प्रकरण आहे. श्रू म्हणजे आपली चिचुंद्री आणि तिच्या जातवाल्या. जुन्या इंग्लंडमध्ये समजूत होती की ही चावली की विष चढतं, गुरं लंगडी होतात (समजूत अगदीच हवेतली नाही, उत्तर अमेरिकेतल्या एका जातीच्या लाळेत खरोखर विष असतं). सुरुवातीला श्रू म्हणजे दुष्ट माणूस, आणि तोही पुरुष. हळूहळू तो शब्द कजाग, भांडखोर बायकोवर येऊन थांबला. त्याच शब्दातून 'श्रूड' निघाला, त्याचाही मूळ अर्थ दुष्ट, पण तो घासत घासत 'चाणाक्ष' झाला आणि आज बिझनेस पेपरात कौतुकाने येतो. थोडक्यात काय, वारसा वाटताना बाईच्या वाट्याला श्रू आला आणि धंदेवाल्याच्या वाट्याला श्रूड. चिचुंद्री बिचारी घरातली झुरळं खाते, तिला कशातच विचारलं नाही.

शिवीमुळे प्राण्यांची चांगली नावं कशी बाद होतात हेही बघण्यासारखं आहे. इंग्रजीत गाढवाला शेकडो वर्षं 'ॲस' म्हणत, १६११ च्या बायबलमध्ये सगळीकडे तेच. पण पार्श्वभागाचा शब्द 'आर्स', त्यातला 'र' बोलण्यात गळून पडायला लागला आणि दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगावर आले. मग सभ्य घरात गाढवाचं नाव घ्यायची पंचाईत, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी 'डाँकी' हा नवाच शब्द दिसायला लागतो. अमेरिकेत कोंबड्याचं तेच झालं, 'कॉक' म्हणायची लाज वाटायला लागली म्हणून 'रूस्टर' आला. सशाला पूर्वी 'कोनी' म्हणत, तो उच्चार एका अश्लील शब्दाच्या इतका जवळ होता की शेवटी 'रॅबिट' वर भागवायला लागले, जो आधी फक्त पिल्लाचा शब्द होता. मूर्ख या अर्थाने ॲस तसा फार जहाल नाही, आपल्या गाढवाइतकाच. अर्थात आपल्याकडे गाढव पूर्वी किती भयानक होता ते कोकणातल्या एखाद्या गधेगाळाच्या शिळेपुढे (दान मोडणाऱ्याला गाढवावरून शाप देणारा जुना कोरीव दगड) उभं राहिलं की कळतं, खाली काय कोरलंय ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

डाँकी मात्र फुटबॉलमध्ये जिवंत आहे. धिप्पाड पण पायात नजाकत नसलेला डिफेंडर म्हणजे डाँकी. आर्सेनलचा टोनी ॲडम्स, याला विरोधी टीमचे प्रेक्षक वर्षानुवर्षं गाढवासारखे ओरडून दाखवायचे, मैदानात गाजरं फेकायचे, पेपरने तर फोटोवर गाढवाचे कान काढून छापले. हाच माणूस क्लबचा सगळ्यात नावाजलेला कॅप्टन ठरला आणि २०११ मध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसला. 'गोट' चा प्रवास तर याहून उलटा. अमेरिकन खेळात ज्याच्यामुळे मॅच हरली तो गोट, म्हणजे बळीचा बकरा, आणि आता 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' ची आद्याक्षरं जुळवून तोच शब्द सर्वोच्च कौतुक झालाय. भाच्याला कोणी गोट म्हटलं तर माणसाचं वय बघावं, पंचविशीचा असेल तर स्तुती आहे.

ऑफिस आणि साईटवर ज्याची खरी काळजी करावी ते वेगळे शब्द आहेत, ते अकलेवर जात नाहीत, चारित्र्यावर जातात. 'रॅट', 'स्नेक', 'वीझल', 'टोडी'. ड्रोंगो म्हटलं तर तुमची चूक झाली, रॅट म्हटलं तर तुम्ही फितूर आहात. युनियनवाल्या माणसाकडून हा शब्द आला तर फारच गंभीर, कारण संप फोडणारा किंवा युनियनबाहेरचे कामगार लावणारा म्हणजे रॅट. अमेरिकेत १९९० पासून, सुरुवात शिकागोची, युनियनवाले ज्या साईटवर वाद असेल तिच्या दारात हवा भरलेला दोन मजली उंदीर उभा करतात, पिवळे दात, पोटावर खरूज, नाव स्कॅबी. कंपन्या कोर्टकचेऱ्या करून थकल्या, २०२१ मध्ये तिथल्या कामगार मंडळाने सांगितलं की उंदीर उभा करायला हरकत नाही. बांधकामातला पोरगा आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

वीझल हा मुंगसासारखा दिसणारा पण मुंगूस नसलेला लांबोडका शिकारी. समजूत अशी की हा अंड्याला बारीक भोक पाडून आतला बलक ओढून घेतो आणि टरफल जसंच्या तसं ठेवतो. त्यावरून 'वीझल वर्ड्स' आलं, दिसायला भरीव आणि आत पोकळ शब्द. १९०० मध्ये एका अमेरिकन मासिकातल्या कथेत ते आलं आणि पुढे थिओडोर रूझवेल्टने १९१६ मध्ये विरोधकांवर वापरून गाजवलं. मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाला की रिपोर्टमधले वीझल वर्ड्स काढ, तर ती शिवी नाहीये, 'शक्यतो', 'साधारणपणे', 'प्रयत्न केला जाईल' काढ आणि तारीख लिही एवढंच म्हणणं आहे. आणि टोडी, म्हणजे चमचा. बाजारात औषध विकणारे भोंदू वैदू आपल्या पोऱ्याला लोकांसमोर विषारी समजला जाणारा बेडूक खायला लावायचे (किंवा खाल्ल्याचं नाटक) आणि मग त्याला 'बरं' करून दाखवायचे, तो पोऱ्या टोड-ईटर, त्याचा झाला टोडी. मालकासाठी बेडूक गिळणारा, चमच्यापेक्षा मला हे जास्त बोलकं वाटतं.

आता जिथे अजिबात गंमत नाही तो भाग, आणि भाच्याच्या मनात जी शंका आली ती खरं तर इथली आहे. माकड. आपण घरात दिवसभर म्हणतो, ए माकडा खाली उतर, इंग्लंडमध्येही 'चीकी मंकी' पोरांना लाडाने म्हणतात. पण गोऱ्याने काळ्याला किंवा कोणीही कोणत्याही कृष्णवर्णीयाला म्हटलं की तो शब्द पार दुसरा होतो, कारण त्यामागे माणसांना माणसापेक्षा खालचं ठरवण्याचा शेकडो वर्षांचा इतिहास आहे. आपले हात इथे स्वच्छ नाहीत. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाची टीम आली होती तेव्हा आधी वडोदऱ्याला आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी अँड्रू सायमंड्सला बघून माकडाचे आवाज काढले, हावभाव केले, फोटो जगभर छापून आले. तेव्हा किती जणांनी मला हसत सांगितलं की त्यात काय, आपण तर हनुमानाला पूजतो! ज्याला म्हटलं त्याचे पूर्वज कॅरिबियन होते, त्याला हनुमानाचं काय सांगता. लगेच जानेवारी २००८ मध्ये सिडनी टेस्टला हरभजन सिंगवर आरोप झाला की त्याने सायमंड्सला मंकी म्हटलं, मॅच रेफरी माईक प्रॉक्टरने तीन टेस्टची बंदी घातली. हरभजनच्या बाजूने म्हणणं असं की तो शब्द हिंदीतली आईवरची अर्धी शिवी होती, ऐकणाऱ्याला मंकी वाटलं. नॉन-स्ट्रायकरला सचिन होता, त्याची साक्ष झाली, अपिलात न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांनी वंशद्वेष सिद्ध होत नाही म्हणून बंदी उठवली आणि शिवीगाळीबद्दल निम्मी मॅच फी कापली. धंद्याच्या नजरेने बघा, आईवरची शिवी दिली हा बचाव ठरला आणि माकड म्हटलं हा गुन्हा. आपल्याकडे कुठल्याही गल्लीत हे बरोबर उलटं आहे.

मेलबर्नचंच उदाहरण हवं असेल तर २०१३ मध्ये एमसीजीवर (मेलबर्नच्या मोठ्या क्रिकेट मैदानावर) फुटी, म्हणजे तिथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चालू असताना तेरा वर्षांच्या एका मुलीने आदिवासी खेळाडू ॲडम गुड्सला 'एप', म्हणजे वानर, म्हटलं. त्याने खेळ थांबवून बोट दाखवलं, तिला बाहेर नेलं, दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला की मुलीला दोष देऊ नका. त्यानंतर मैदानात त्याची हुर्यो उडवणं सुरू झालं ते २०१५ मध्ये तो निवृत्त होईपर्यंत थांबलं नाही. ही जखम तिथे ओली आहे. तेव्हा मंकी, एप, आणि रॅकूनवरून निघालेला एक छोटा शब्द, हे तिघं भाच्याच्या तोंडून चुकूनही नकोत, मराठीतून मित्राला फोनवर माकड म्हणणंसुद्धा साईटवर टाळावं, आणि हे त्याला कोणी म्हटलं तर तारीख-वेळ लिहून ठेवून सरळ तक्रार करावी, तिथे 'मस्करी होती' चालत नाही.

राहिलं उलट बोलण्याचं. फोरमनला उलट 'यू ड्रोंगो' आत्ता लगेच नको. तिथे अशी चेष्टा वरून खाली आणि बरोबरीत चालते, खालून वर जायला थोडे महिने जावे लागतात. सध्या 'येप, माय बॅड' म्हणायचं, नवीन ड्रॉइंग आणायचं. बरोबरीच्या पोरांशी 'गलाह' बिनधास्त वापरावा, भारतीय उच्चारात तो इतका अनपेक्षित येतो की समोरचा हसतोच, फक्त जोर दुसऱ्या अक्षरावर द्यायचा, ग-लाऽ. आणि ज्या दिवशी फोरमन स्वतः चुकीचं ड्रॉइंग घेऊन येईल, तेव्हा काही बोलायच्या आधी बाकीचे त्याला काय म्हणतात ते ऐकायचं आणि त्याच शब्दावर थांबायचं.